वारशाने आलेली जुनी गिटार ओळखणे आणि तिचे वय ठरवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या पश्चात एखादी जुनी गिटार हाती येते, तेव्हा ती कोणी बनवली, कधी बनवली आणि तिच्यातील किती भाग मूळचे आहेत, हे तीन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. त्यांची उत्तरे बहुधा त्या वाद्यातच असतात, मात्र ती वाचण्यापूर्वी पुसली जाण्याचा धोका असतो. म्हणून पुढील उत्तरांमध्ये पाहणीला आधी आणि साफसफाईला नंतर स्थान दिले आहे.

गिटार हाती आल्यावर सर्वांत आधी काय करावे?

सर्वांत आधी तिला आहे त्या स्थितीत राहू द्यावे. पॉलिश लावू नये, गंजलेले स्क्रू बदलू नयेत, सुटलेला कागद चिकटवू नये आणि आतील धूळही लगेच झटकू नये. तारा फार ताणलेल्या असतील तर प्रत्येक तार थोडी सैल करावी, कारण वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या वाद्यावर पूर्ण ताण ठेवणे जोखमीचे असते.

त्यानंतर दिवसाच्या उजेडात छायाचित्रे काढावीत. पूर्ण पुढची आणि मागची बाजू, हेडस्टॉक (खुंट्या असलेले टोक) दोन्ही बाजूंनी, खुंट्यांची मागची पट्टी, ब्रिज (बॉडीवर तारांना आधार देणारा भाग), नेक (लांब दांडा) आणि बॉडी यांचा सांधा, साउंडहोलमधून (बॉडीवरील भोकातून) दिसणारे लेबल आणि प्रत्येक शिक्का किंवा आकडा टिपावा. दंतवैद्य वापरतात तसा लहान आरसा आणि एक छोटा दिवा साउंडहोलमधून आत नेला, तर एरवी न दिसणारे शिक्के वाचता येतात.

गिटारची पेटी, तिच्या कप्प्यातील तारांची जुनी पाकिटे, खरेदीची पावती, हमीपत्र, पट्टा, दुकानाची चिठ्ठी यांपैकी काहीही टाकून देऊ नये. पेटी मूळची असेल तर ती स्वतःच एक पुरावा असते.

वय ठरवण्याचे मूळ तत्त्व कोणते?

कोणतीही गिटार तिच्यातील सर्वांत उशिरा तयार झालेल्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. हे वाक्य साधे वाटले तरी कालनिश्चितीचे सारे काम त्यावर उभे आहे. अनुक्रमांक १९६४ सांगत असेल, नेकवरील शिक्का १९६५ च्या सुरुवातीचा असेल आणि वायरिंगमधील एखादा मूळ पॉट (आवाज किंवा टोनच्या नॉबखालचा भाग) १९६५ च्या वीसाव्या आठवड्यातील असेल, तर ती गिटार १९६५ च्या मध्यापूर्वी पूर्ण झालेली नाही. मात्र तो पॉट खरोखर मूळचा आहे की दुरुस्तीत बदललेला आहे, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी सोल्डरचे थेंब तपासावेत. कारखान्यातील सोल्डर सहसा एकसारखे जुने आणि निस्तेज दिसते. त्यातील एकच जोड चकचकीत असेल किंवा वायरचे टोक पुन्हा सोलून जोडलेले असेल, तर तेथे कोणीतरी नंतर हात घातला आहे, असे समजावे.

दुसरे म्हणजे, एकाच खुणेवर विसंबू नये. तीन-चार स्वतंत्र खुणा एकाच कालखंडाकडे बोट दाखवू लागल्या, म्हणजे उत्तर भरवशाचे झाले.

अनुक्रमांक सापडला म्हणजे वर्ष कळले, असे मानावे का?

ते सर्वस्वी उत्पादकावर अवलंबून आहे. काही कंपन्यांचे क्रमांक इतके सरळ आहेत की तक्ता पाहिला की वर्ष मिळते. काही कंपन्यांनी तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले, तर काहींनी तारीखच क्रमांकात गुंफली.

रिकेनबॅकर हे गुंफलेल्या तारखेचे चांगले उदाहरण आहे. १९६१ पासून १९८६ पर्यंत त्यांच्या जॅकच्या (वायर लावण्याच्या जागेच्या) पट्टीवरील दोन अक्षरांपैकी पहिले अक्षर वर्ष दाखवते, म्हणजे ए हे १९६१ आणि झेड हे १९८६, तर दुसरे अक्षर ए ते एल यांपैकी असून ते महिना दाखवते. डी आणि जी ही अक्षरे जोडीने असतील तर ती गिटार जुलै १९६४ ची ठरते.

ग्रेच कंपनीने १९६६ च्या सुमारास आधी महिना आणि मग वर्षाचा शेवटचा अंक लिहिण्याची पद्धत स्वीकारली. ही पद्धत वाचताना घोळ होतो, कारण १२७ ने सुरू होणारा क्रमांक बारावा महिना आणि सातवे वर्ष, म्हणजे डिसेंबर १९६७ असा वाचता येतो, तसाच तो पहिला महिना आणि दुसरे वर्ष, म्हणजे जानेवारी १९७२ असाही वाचता येतो. अशा ठिकाणी मॉडेल, पिकअप (तारांचा आवाज विजेच्या रूपात टिपणारा भाग) आणि इतर सुटे भाग यांच्यावरूनच निर्णय करावा लागतो.

मार्टिन गिटारचे वर्ष कसे ठरवावे?

वारशातील गिटार मार्टिन निघाली तर कालनिश्चितीचे काम पुष्कळ सोपे होते. १८३३ मध्ये न्यू यॉर्क येथे सुरू झालेली ही कंपनी त्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातील नॅझरेथ येथे गेली आणि १८९८ मध्ये तिने ८००० पासून अनुक्रमांक देण्यास सुरुवात केली. तेव्हापासून हे क्रमांक सलग वाढत गेले आहेत. साउंडहोलमधून नेकच्या दिशेला आत पाहिल्यास लाकडी ठोकळ्यावर हा क्रमांक दाबून उमटवलेला दिसतो. १९४४ ची अखेर ९०१४९ या क्रमांकावर आणि १९४५ ची अखेर ९३६२३ वर झाली, त्यामुळे ९२००० च्या आसपासचा क्रमांक १९४५ मधीलच असतो. १९३० च्या अखेरीपासून क्रमांकाच्या वर डी-२८ किंवा ०००-१८ यांसारखे मॉडेलचे नावही उमटवले जाऊ लागले, त्यामुळे मॉडेल ओळखण्याचे वेगळे कष्ट उरत नाहीत.

१८९८ पूर्वीच्या वाद्यांवर अनुक्रमांक नसतो. त्यांच्यावरील शिक्क्यात न्यू यॉर्क हे नाव असते, पण कारखाना नॅझरेथमध्ये गेल्यानंतरही हाच शिक्का चालू होता, म्हणून केवळ त्या नावावरून गिटार १८३० च्या दशकातील आहे असे मानू नये.

क्रमांक मिळाल्यानंतरही लाकूड आणि बांधणी जुळते का, हे पाहावे. कडांवरील हस्तिदंत १९१८ मध्ये बंद होऊन त्याची जागा सेल्युलॉइडने घेतली. वरच्या फळीखालील आधारपट्ट्या मधोमध कोरून हलक्या करण्याची पद्धत १९४४ च्या उत्तरार्धात थांबली. डी-२८ च्या कडेवरील हेरिंगबोन नक्षी १९४७ च्या सुरुवातीपर्यंतच दिसते. १९६९ मध्ये ब्राझिलियन रोझवूडऐवजी भारतीय रोझवूड, म्हणजे शिसवी लाकूड नियमितपणे वापरले जाऊ लागले. नेकमध्ये पान्याने फिरवता येणारा ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी आतील धातूची सळई, १९८५ मध्ये आली. क्रमांक १९४० च्या दशकातील आणि ट्रस रॉड फिरवता येणारा, असे आढळल्यास नेक बदललेला आहे किंवा क्रमांकाबाबत शंका घेण्यास जागा आहे.

गिब्सनच्या क्रमांकांबद्दल इतका गोंधळ का आहे?

कारण १९६० च्या दशकात गिब्सनने तेच सहा आकडी क्रमांक वेगवेगळ्या वर्षी पुन्हा उमटवले. १९६३ आणि १९६७ या दोन्ही वर्षांच्या गिटारवर एकच क्रमांक सापडू शकतो. म्हणून या दशकातील गिब्सन ओळखताना आकड्यांपेक्षा घडणीकडे पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.

सर्वांत उपयोगी खूण नटच्या रुंदीत आहे. नट म्हणजे हेडस्टॉकखालची ती पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. १९६५ मध्ये तिची रुंदी सुमारे ४३ मिलिमीटरवरून सुमारे ४० मिलिमीटरवर आली, आणि हा फरक साध्या पट्टीने मोजता येतो. त्याच सुमारास हेडस्टॉकचा मागे झुकण्याचा कोन १७ अंशांवरून १४ अंशांवर आला. १९७० च्या आसपास हेडस्टॉकच्या मागे अमेरिकेत बनवल्याचे शब्द दाबून उमटवले जाऊ लागले आणि नेक व हेडस्टॉक मिळतात तेथे मागच्या बाजूला बळकटीसाठी एक उंचवटा ठेवण्यात येऊ लागला. हा उंचवटा १९८१ च्या सुमारास नाहीसा झाला. चाळीस मिलिमीटरची नट असलेली आणि हे दोन्ही नसलेली गिटार बहुतांशी १९६५ ते १९६९ या टप्प्यात बसते.

१९५३ ते १९६१ या काळातील भरीव बॉडीच्या गिब्सनवर शाईने उमटवलेला क्रमांक असतो आणि त्याचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो. पोकळ बॉडीच्या गिटारवर १९४७ ते १९६१ मध्ये ए अक्षराने सुरू होणारे क्रमांक लेबलवर लिहिलेले असतात. हे लेबल १९५५ पर्यंत पांढरे आणि नंतर नारिंगी असे. १९७५, १९७६ आणि १९७७ या तीन वर्षांत हेडस्टॉकमागे चिकटवलेल्या क्रमांकाची सुरुवात अनुक्रमे ९९, ०० आणि ०६ अशी होते.

१९७७ पासून आठ आकड्यांची पद्धत आली आणि ती फार सुबोध आहे. पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष होते, तर दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचे अंक वर्षातील कितवा दिवस ते सांगतात. ७२१५९०३४ हा क्रमांक घेतला तर ७ आणि ९ वरून १९७९ हे वर्ष मिळते, २१५ वा दिवस म्हणजे ३ ऑगस्ट, आणि शेवटचे तीन अंक ५०० च्या आत असल्यामुळे ती गिटार नॅशव्हिलऐवजी कॅलमझू येथील कारखान्यात तयार झालेली ठरते. कॅलमझूचा कारखाना १९८४ मध्ये बंद झाल्यामुळे ही शेवटची कसोटी त्या वर्षापर्यंतच लावावी.

हेडस्टॉकवरील नावाची अक्षरेही मदत करतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी नाव तिरप्या, हाताने लिहिल्यासारख्या वळणात असे. १९४७-४८ पासून ते ठळक, सरळ अक्षरांत आले. युद्धकाळात, साधारण १९४२ ते १९४५ मध्ये, त्या नावाखाली घोषवाक्याची एक सोनेरी पट्टी असे आणि तशा पट्टीची गिटार घरात असेल तर तिची विशेष काळजी घ्यावी.

पिकअपखाली पेटंटचा स्टिकर आहे. त्यावरून काही कळते का?

कळते, पण जपून वाचावे लागते. गिब्सनचे दोन कॉइलचे हमबकर पिकअप १९५७ मध्ये बाजारात आले, तेव्हा पेटंटसाठी अर्ज केला असल्याची छोटी काळी चिठ्ठी त्यांच्या तळाला चिकटवलेली असे. पेटंट १९५९ मध्ये मंजूर झाले, तरी ही चिठ्ठी १९६२ च्या आसपासपर्यंत चालू राहिली. नंतरच्या चिठ्ठीवर पेटंट क्रमांक आला, पण २७३७८४२ हा तो क्रमांक पिकअपचा नसून तारा अडकवण्याच्या एका जुन्या टेलपीसचा होता. त्यामुळे चिठ्ठीवरचा क्रमांक वेगळ्याच वस्तूचा निघाला म्हणून पिकअप खोटे आहे, असा निष्कर्ष काढू नये.

या चिठ्ठ्या नव्याने छापून विकल्या जातात, हेही लक्षात ठेवावे. चिठ्ठीपेक्षा पिकअपची वायर, तळाचे स्क्रू आणि सोल्डर यांवर अधिक विश्वास ठेवावा.

फेंडरची तारीख कोठे शोधावी?

नेकच्या टोकाला. फेंडरचा नेक बॉडीला स्क्रूने जोडलेला असतो आणि तो सुटा केल्यावर बॉडीत बसणाऱ्या टोकावर तारीख दिसते. १९५० च्या दशकात ती पेन्सिलीने लिहीत असत, तर १९६२ पासून रबरी शिक्का वापरला जाऊ लागला. हा शिक्का वाचताना एक चूक सर्रास होते. २, मग नोव्हेंबरचे संक्षिप्त नाव, मग ६३ आणि शेवटी बी असे आढळले, की लोक त्याचा अर्थ २ नोव्हेंबर १९६३ असा लावतात. प्रत्यक्षात सुरुवातीचा २ हा स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलचा संकेत आहे, ६३ हे वर्ष आहे आणि बी हे अक्षर नटची नेहमीची रुंदी सांगते. दिवस त्यात दिलेलाच नसतो.

ही तारीख नेक तयार झाल्याची असते. गिटार जुळवली जाईपर्यंत काही आठवडे किंवा महिने जात असत. नेकवर बसवलेल्या धातूच्या पट्टीवरील अनुक्रमांक तर आणखी सैल आहे, कारण पट्ट्या डब्यातून हाताला येतील तशा उचलल्या जात आणि शेजारशेजारच्या वर्षांचे क्रमांक एकमेकांत मिसळत. एल अक्षराने सुरू होणारे क्रमांक ढोबळपणे १९६३ ते १९६५ मधील आहेत. १९७६ पासून क्रमांक हेडस्टॉकवर आला. त्यात एस हे सत्तरच्या दशकाचे, ई हे ऐंशीच्या आणि एन हे नव्वदच्या दशकाचे अक्षर असून पुढचा अंक वर्षाचा असतो.

नेक काढण्याची सवय नसेल तर तो स्वतः काढू नये. स्क्रूचा माथा एकदा घासला गेला की तो मूळचा राहत नाही, आणि सांध्यात ठेवलेली पातळ चकती हरवली तर तारांची उंची बिघडते. बाहेरून दिसणाऱ्या खुणांवरूनही पुष्कळ काम होते. स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली तेव्हा तिचे पिकगार्ड (बॉडीवरील संरक्षक पट्टी) एकाच थराचे आणि आठ स्क्रूंचे होते. १९५९ च्या मध्यापासून ते अनेक थरांचे आणि अकरा स्क्रूंचे झाले. रोझवूडचा फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवर बोटे ठेवण्याची पट्टी, याच सुमारास आला. सुरुवातीला तो सपाट तळाचा आणि जाड असे, १९६२ च्या मध्यापासून तो पातळ व वक्र झाला. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून मोठा हेडस्टॉक दिसू लागला. १९६८ पासून लॅकरची जागा जाड पॉलिस्टरने घेतली, आणि १९७१ ते १९८१ या काळात स्ट्रॅटोकास्टरचा नेक चारऐवजी तीन स्क्रूंनी बसवला जात असे.

पॉटवरील आकडे कसे वाचावेत?

आवाज आणि टोनच्या नॉबखाली जो गोल धातूचा डबीसारखा भाग असतो, त्याला पॉट म्हणतात. अमेरिकी पॉटवर सहा किंवा सात आकडे दाबलेले असतात. पहिले तीन आकडे उत्पादकाचे असतात, जसे सीटीएससाठी १३७, स्टॅकपोलसाठी ३०४ आणि सेंट्रालॅबसाठी १३४. पुढे वर्ष आणि शेवटी आठवडा येतो. १३७६६३२ याचा अर्थ सीटीएस कंपनीने १९६६ च्या बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला हा भाग तयार केला. सहाच आकडे असतील तर वर्षाला एकच अंक असतो, आणि तो १९४४ चा की १९५४ चा हे गिटारच्या बाकी रूपावरून ठरवावे लागते. शेवटचे दोन आकडे ५३ पेक्षा मोठे आले तर वाचण्यात चूक झाली आहे, असे खुशाल समजावे.

पॉटची तारीख गिटारची सर्वांत लवकरची शक्य तारीख देते, नेमकी तारीख देत नाही. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा इतका मोठा साठा घेतला होता की १९६९ पर्यंतच्या गिटारमध्येही १९६६ चे पॉट सापडतात.

हेडस्टॉकवरचे नाव कोणालाच माहीत नाही. मग काय?

वारशाने येणाऱ्या गिटारांमध्ये अशी वाद्ये पुष्कळ असतात. विसाव्या शतकात अमेरिकेतील टपालाने माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्या दुसऱ्याच कारखान्यांकडून गिटार बनवून घेत आणि स्वतःचे नाव लावत. सिअर्सच्या सिल्व्हरटोन गिटार हार्मनी, के (Kay) आणि डॅनइलेक्ट्रो या कंपन्यांनी बनवल्या, तर माँटगोमेरी वॉर्डच्या एअरलाइन गिटार व्हॅल्को, के आणि हार्मनी यांच्याकडून आल्या. गिब्सननेही १९३० च्या दशकात कॅलमझू या नावाने स्वस्त गिटार विकल्या. म्हणून हेडस्टॉकवर विक्रेत्याचे नाव असेल तर खऱ्या उत्पादकाचा शोध हेडस्टॉकचा आकार, ब्रिजची बांधणी आणि आतील शिक्के यांवरून घ्यावा.

शिकागोच्या हार्मनीचे शिक्के विशेष शोधण्यासारखे आहेत. बॉडीच्या आत पाठीवर शाईने एफ किंवा एस हे अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक उमटवलेले असतात. शाई पुसट असेल तर दिवा तिरपा धरून पाहावे. ओला फडका लावू नये, कारण त्याने शिक्का कायमचा जाऊ शकतो. स्टेला हे नाव आधी जर्सी सिटीच्या ऑस्कर श्मिट कंपनीचे होते आणि १९३९ मध्ये ते हार्मनीकडे गेले, त्यामुळे दोन स्टेला गिटार दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचा इतिहास वेगळा असू शकतो.

जपानी किंवा युरोपीय गिटारांचे काय?

आयबानेझच्या १९७५ पासूनच्या पुढील सुमारे दशकभरातील क्रमांकात ए ते एल यांपैकी पहिले अक्षर महिन्याचे आणि पुढचे दोन अंक वर्षाचे असतात. एच ७८ ही सुरुवात ऑगस्ट १९७८ दाखवते. जर्मनीच्या फ्रामुस गिटारवर मुख्य क्रमांकाच्या शेवटी वर्षाचे दोन अंक आणि महिन्याचे अक्षर असते, जसे ६४ एल म्हणजे डिसेंबर १९६४. एपिफोनबाबत एक वळण लक्षात ठेवावे. गिब्सनने ही कंपनी १९५७ मध्ये घेतली, त्यानंतर ती कॅलमझूत बनत राहिली, आणि १९७० च्या सुमारास तिचे उत्पादन जपानमध्ये गेले. 

क्लासिकल गिटारमध्ये कागदी लेबल आहे आणि त्यावर हाताने वर्ष लिहिले आहे. त्यावर विश्वास ठेवावा का?

विश्वास ठेवण्यापूर्वी लेबलचा पत्ता, सही आणि वाद्याची घडण एकमेकांना जुळतात का, ते पाहावे. स्पॅनिश कारागिरांनी आपल्या कार्यशाळेचा पत्ता लेबलवर छापला आणि जागा बदलली तसा तोही बदलला, त्यामुळे पत्ता कधी कधी वर्षापेक्षा अधिक बोलतो. आंतोनिओ दे तोर्रेस यांचे निधन १८९२ मध्ये झाले, आणि त्यांच्या नावाची खोटी लेबले पुष्कळ वाद्यांत लावली गेली आहेत. मोठ्या नावाचे लेबल दिसले की ते चिकटवणे किती सोपे आहे, याचा आधी विचार करावा.

येथे एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. अशा वाद्यावर धातूच्या तारा कधीही चढवू नयेत. ही गिटार आतड्याच्या तारांसाठी आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नायलॉनच्या तारांसाठी बांधली जात असे. धातूच्या तारांचा ताण तिची वरची फळी आणि ब्रिज उपसून काढतो.

कुठलाच क्रमांक नसेल तर साहित्यावरून वय कळते का?

निदान एक मर्यादा आखता येते. माथ्यावर फुलीची खाच असलेल्या फिलिप्स स्क्रूचे पेटंट १९३६ मधील आहे, त्यामुळे तसे मूळ स्क्रू असलेली गिटार त्यापूर्वीची असू शकत नाही. कापडाचे वेष्टण असलेली वायर प्लॅस्टिकच्या वायरीपेक्षा जुन्या पद्धतीची आहे. खुंट्यांवरील प्लॅस्टिकची बटणे आक्रसून पिवळी पडली असतील आणि हात लावताच भुगा होत असेल, तर ती अनेक दशकांची आहेत.

सेल्युलॉइडबाबत मात्र नोंद घेण्यासोबत कृतीही करावी लागते. जुने सेल्युलॉइड विघटित होऊ लागले की त्यातून आम्लयुक्त वाफ निघते आणि बंद पेटीत जवळच्या खुंट्या व तारा गंजवते. पिकगार्डला तीव्र वास येत असेल किंवा त्याच्या जवळचाच धातू हिरवट झाला असेल, तर पेटी उघडी ठेवून हवा खेळती ठेवावी आणि तो भाग जाणकाराकडून वेगळा काढून घ्यावा.

मूळ रंग आहे की पुन्हा रंगवले आहे, हे कसे ओळखावे?

जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर काळाबरोबर पिवळे पडते आणि थंडी-उष्णतेच्या फरकाने त्यावर केसासारख्या बारीक चिरा उमटतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला तर ते पिवळसर हिरवट चमकते, आणि नंतर लावलेला थर वेगळ्या रंगाचा किंवा डागासारखा दिसतो. रंग अनुक्रमांकाच्या खाचांत भरला असेल, नेकच्या सांध्यातून ओघळला असेल किंवा बाहेरून दिसणाऱ्या रंगापेक्षा पिकगार्डखालचा रंग निराळा असेल, तर ते नंतरचे काम आहे.

घरचे सांगतात की आजोबांनी ती १९३० च्या दशकात घेतली. खुणा मात्र १९५० च्या दशकातील आहेत. खरे काय?

खुणा खऱ्या मानाव्यात, पण घरची आठवणही लिहून ठेवावी. आजोबांकडे आधी दुसरी गिटार असेल आणि नंतर तिच्या जागी ही आली असेल, असे अनेकदा घडते. गिटारसोबतचे जुने छायाचित्र मिळाले तर ते भिंगाखाली पाहावे. लाकडाच्या रेषा, पिकगार्डचा आकार आणि ओरखडे जुळले, तर तेच वाद्य असल्याचा तो उत्तम पुरावा आहे. आडनाव, कार्यक्रमाचे नाव आणि साल असलेली चिठ्ठी पेटीत सापडली, तर तिचे मोल कागदाच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असते.

विकायची नसली तरी मूल्यांकन करून घ्यावे का?

विमा उतरवण्यासाठी आणि वारसांमध्ये वाटणी करण्यासाठी ते करून घ्यावे. मूल्यांकन करणारी व्यक्ती स्वतः ती गिटार विकत घेऊ इच्छिणारी नसावी, आणि अहवाल लेखी असावा. त्यात कोणते भाग मूळ आहेत व कोणते बदललेले आहेत, हे स्पष्ट लिहिलेले असावे. पुन्हा रंगवलेल्या जुन्या गिटारची किंमत मूळ रंगाच्या तशाच गिटारच्या साधारण निम्म्यावर येते, हा व्यवहारातला ठोकताळा आहे. हेडस्टॉक तुटून जोडलेला असेल तरी असाच फटका बसतो. याउलट वाजवून झिजलेले फ्रेट (नेकवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) किंवा बोटांनी उडालेला रंग हा दोष मानला जात नाही.

दुरुस्ती करावी की तशीच ठेवावी?

वाद्य वाजावे यासाठी केलेली दुरुस्ती योग्यच आहे. जुन्या अकूस्टिक गिटारचा नेक तारांच्या ताणाने हळूहळू पुढे झुकतो, तारा उंच होतात आणि मग नेक काढून योग्य कोनात पुन्हा बसवावा लागतो. ही तिच्या आयुष्यातील स्वाभाविक डागडुजी आहे. नवे पिकअप, नव्या खुंट्या किंवा नवा रंग यांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. काही बदलावेच लागले तर निघालेला प्रत्येक मूळ भाग पाकिटात घालून, त्यावर नाव लिहून पेटीत ठेवावा. हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखली, तर फळी तडकण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

दुसऱ्या देशात नेताना काही अडचण येते का?

ब्राझिलियन रोझवूड, हस्तिदंत किंवा खरे कासवाचे कवच असेल तर येते. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्स या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि त्याच्या वस्तू सीमेपलीकडे नेण्यासाठी परवाना लागतो. २०१७ मध्ये रोझवूडच्या इतर जातींवरही निर्बंध आले होते, परंतु २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. ही सूट ब्राझिलियन रोझवूडला नाही. म्हणून कालनिश्चितीच्या नोंदीत लाकडाचे नाव आणि ते ओळखणाऱ्या जाणकाराचे मत लिहून घ्यावे, कारण परवान्यासाठी अर्ज करताना वाद्य केव्हाचे आहे याचा आधार तोच असतो.

नेमके वर्ष ठरत नसेल तर नोंद कशी लिहावी?

कालखंड लिहावा आणि त्याची कारणे लिहावीत. उदाहरणार्थ: नेकवरील शिक्का नोव्हेंबर १९६४, तिन्ही पॉट १९६४ च्या शेवटच्या चतुर्थांशातील आणि सोल्डर मूळचे, फ्रेटबोर्डवरील ठिपके जुन्या पद्धतीचे, हेडस्टॉक लहान, म्हणून १९६४ ची अखेर ते १९६५ चा मध्य. खुंट्या बदललेल्या असून मूळच्या पेटीत आहेत. अशा नोंदीखाली पाहणीची तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव घालून छायाचित्रांसह एक प्रत पेटीत आणि दुसरी घरातील कागदपत्रांत ठेवावी.